विसाव्या वर्षी सुतार, छत्तिसाव्या वर्षी विश्वविजेता : मिरोस्लाव क्लोझे

बाकावरचा_बदली

परवा शेजारच्या धाग्यावर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं होतं की बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत पोरगं मोठ्या क्लबच्या अकादमीत पोचलं नाही तर युरोपातला व्यावसायिक फुटबॉल विसरायचा. तिथे उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझं उत्तर म्हणजे एकच माणूस: मिरोस्लाव क्लोझे.

८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोंतेमध्ये जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं धुतलं, ते सगळ्यांना आठवतं. त्या सातांतला दुसरा गोल क्लोझेचा. विश्वचषकातला त्याचा सोळावा. ब्राझीलच्या रोनाल्डोचा पंधरा गोलांचा विक्रम त्याने ब्राझीलमध्ये, ब्राझीलविरुद्ध मोडला आणि रोनाल्डो तेव्हा त्याच स्टेडियमात समालोचकांच्या खुर्चीत बसलेला. पाच दिवसांनी क्लोझे विश्वविजेता झाला. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण १९९८ साली, म्हणजे रोनाल्डो फ्रान्समध्ये विश्वचषकाची अंतिम फेरी खेळत होता त्या वर्षी, क्लोझे जर्मनीच्या सातव्या पातळीवर एका खेड्याच्या संघातून खेळत होता आणि आठवडाभर घरांच्या छपरांचं लाकूडकाम करत होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

आता सुरुवातीपासून. जन्म ९ जून १९७८, पोलंडमधल्या ओपोले शहरात. हा सायलेशियाचा भाग, दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मनीत होता. त्यामुळे तिथल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांना पुढे पश्चिम जर्मनीत येऊन नागरिकत्व घेता यायचं. वडील योसेफ स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू. ओड्रा ओपोलेकडून आणि नंतर फ्रान्समध्ये ओसेरकडून खेळलेले. आई बार्बारा पोलंडच्या राष्ट्रीय हँडबॉल संघाची गोलरक्षक. मिरो आठेक वर्षांचा असताना कुटुंब जर्मनीत आलं आणि फ्रान्सच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कुझेल या लहानशा गावात राहिलं. पोराला जर्मन जवळजवळ शून्य. शाळेने दोन इयत्ता खाली बसवलं.

कुझेलच्या शेजारच्या वस्त्यांचा मिळून एक क्लब होता, एसजी ब्लाउबाख-डीडेलकोप्फ. पोरगा तिथे खेळायला लागला आणि विसाव्या वर्षापर्यंत तिथेच खेळला. मधल्या काळात कुठल्याही मोठ्या क्लबने त्याला उचललं नाही. जर्मनीच्या वयोगटातल्या संघांत तो कधी नव्हता. शाळा संपल्यावर त्याने सुतारकामाची रीतसर उमेदवारी धरली, आणि सुतारकाम म्हणजे खुर्च्या-टेबलं नव्हेत, इमारतीचे वासे, तुळया, छपराचा सांगाडा. थंडीवाऱ्यात उंचावर उभं राहून करायचं काम. संध्याकाळी सराव, रविवारी सामना.

१९९८ मध्ये त्याला एफसी ०८ होम्बुर्गने घेतलं. हा क्लब शेजारच्या झारलँड राज्यातला, १९८० च्या दशकात थोडा काळ बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, राहून आलेला आणि तेव्हा तिसऱ्या पातळीवर असलेला. तिथे क्लोझेने काही दिवे लावले असं नाही. पहिल्या संघाकडून १८ सामने, १ गोल. स्ट्रायकरचे हे आकडे बघून आज कुणी पुढचं पान उघडणार नाही.

तरीही १९९९ मध्ये १. एफसी कायझर्सलाउटर्नने त्याला बोलावलं. या क्लबची महती थोडक्यात: फ्रित्स वाल्टरचा क्लब, म्हणजे १९५४ च्या विश्वविजेत्या संघाच्या कर्णधाराचा, त्या अंतिम सामन्यात याच क्लबचे पाच खेळाडू होते. दुसऱ्या लीगमधून वर आल्यावर पहिल्याच हंगामात, १९९८ मध्ये, बुंडेसलिगा जिंकणारा एकमेव संघ. प्रशिक्षक ओटो रेहागेल, ज्यांनी पुढे २००४ मध्ये ग्रीसला युरो, म्हणजे युरोपीय देशांचा चषक, जिंकून दिला. अशा क्लबने २१ वर्षांच्या सुताराला बोलावलं, पण कुठे? पहिल्या संघात नव्हे, हौशी संघात. मोठ्या क्लबांचे दुसरे संघ तेव्हा 'हौशी' या नावानेच ओळखले जायचे आणि इतर साध्या क्लबांबरोबर त्याच लीगमध्ये खेळायचे. तिथे मात्र तो धडाधड गोल करायला लागला.

एप्रिल २००० मध्ये रेहागेलनी त्याला बुंडेसलिगात पहिल्यांदा मैदानावर पाठवलं. पुढच्या हंगामात तो नियमित खेळायला लागला. २४ मार्च २००१ ला लेवरकुसेनमध्ये अल्बानियाविरुद्ध विश्वचषक पात्रता सामना १-१ वर अडकलेला असताना जर्मनीचे प्रशिक्षक रुडी फ्योलरनी त्याला बदली म्हणून उतरवलं आणि शेवटच्या मिनिटांत त्याने विजयी गोल ठोकला. चार दिवसांनी अथेन्समध्ये ग्रीसविरुद्ध आणखी एक.

म्हणजे खेड्याच्या संघातून राष्ट्रीय संघात यायला तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत. त्याच्या आधीची बारा वर्षं तो तिथेच होता, सगळ्यांच्या समोर. मला या गोष्टीत सर्वात जास्त रस इथे आहे. बारा वर्षं कुणाला दिसला नाही आणि मग अचानक सगळ्यांना दिसला, असं का झालं? की दिसायला लागण्यासाठी मध्ये जिने होते म्हणून झालं?

पुढचं थोडक्यात उरकतो, कारण ते सगळीकडे मिळेल. २००२ च्या विश्वचषकात ५ गोल, पाचही डोक्याने. त्यातले तीन सौदी अरेबियाला ८-० हरवलं त्यात. २००४ मध्ये वेर्डर ब्रेमेन, २००५-०६ ला बुंडेसलिगात २६ सामन्यांत २५ गोल. २००६ च्या घरच्या विश्वचषकात पुन्हा ५ आणि सोनेरी बूट. २००७ ते २०११ बायर्न म्युनिक, मग पाच वर्षं रोममध्ये लात्सिओ. जर्मनीकडून १३७ सामने, ७१ गोल. गेर्ड म्युलरचा ६८ चा विक्रम मोडला तोही २०१४ मध्येच. आणि त्याने गोल केलेला एकही सामना जर्मनी हरली नाही.

रंकाळा_एक्सप्रेस

नाद खुळा लिहिलंय भावा. सातवी पातळी म्हणजे काय, हे डोळ्यासमोर येत नाही मात्र. आमच्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींच्या संघांची लढत असली की बसायला जागा मिळत नाही. पोरं नोकऱ्या-धंदे सांभाळून खेळतात आणि काही पोरं खरंच भारी खेळतात. पण तिथून वर जायचा रस्ता कुठाय? लीग जिंकली तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच लीग. आमचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, पण तो पुण्याला क्रीडाप्रबोधिनीत गेला म्हणून. तालमीतून थेट वर गेला असं झालं नाही.

जर्मनीत सातव्या पातळीचे सामने बघायला कोण येतं? स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, खेड्याखेड्यातून फिरतात का?

नेकारकाठचा

@रंकाळा_एक्सप्रेस, बरीच वर्षं श्टुटगार्टजवळ राहतोय, पोरगा इथल्या क्लबात खेळतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

खालच्या लीगचा सामना म्हणजे रविवारी दुपार. मैदान गावाच्या कडेला, कुंपणाला टेकून उभे असलेले शंभरेक लोक, त्यात खेळाडूंच्या आया, बायका, पोरं, आणि निम्मे म्हातारे जे स्वतः याच मैदानावर खेळलेत. एका टपरीवर भाजलेले सॉसेज आणि बिअर. ती टपरी चालवणारे, मैदानावर पांढऱ्या रेघा मारणारे, पोरांना शिकवणारे, सगळे फुकट काम करणारे सभासद. आधी दुसऱ्या फळीचा सामना, मग पहिल्या फळीचा. रेफरी मात्र संघटनेने पाठवलेला, आणि निकाल संध्याकाळपर्यंत अधिकृत तक्त्यात.

स्काउट बाहेरून येत नाहीत फारसे. तक्ता काम करतो. गोल करणाऱ्यांची यादी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात सोमवारी छापून येते. जो स्ट्रायकर एका हंगामात तीसेक गोल करतो त्याला दोन पायऱ्या वरच्या क्लबचा कुणीतरी फोन करतो, कारण तो क्लब वीस किलोमीटरवरच असतो आणि त्याचा प्रशिक्षक याच भागात वाढलेला असतो. क्लोझेचा नकाशा बघा: कुझेल, होम्बुर्ग, कायझर्सलाउटर्न हे सगळं एका टापूत आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागी गाडीने जायला तास लागत नाही. त्याला कुणी बर्लिनहून येऊन शोधलं नाही.

आणि दुसरं, जे रंकाळ्याने बरोबर पकडलं: चढणं-उतरणं. आमच्या गावच्या संघाने लीग जिंकली की पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये. कागदावर तरी सगळ्यात खालच्या जिल्हा लीगपासून बुंडेसलिगापर्यंत सलग जिना आहे, पायरी सोडलेली नाही. हायडेनहाइम हा आमच्याच राज्यातला क्लब, पन्नासेक हजार वस्तीचं गाव. २००७ मध्ये फ्रँक श्मिट प्रशिक्षक झाला तेव्हा चौथ्या पातळीची ओबरलिगा खेळत होते. २०२३ मध्ये त्याच प्रशिक्षकासह बुंडेसलिगात आले. शेवटच्या दिवशी रेगेन्सबुर्गमध्ये भरपाई वेळेत दोन गोल करून. तो सामना ज्याने बघितला तो विसरणार नाही.

बेरकी_बोका

होम्बुर्गबद्दल एवढं लिहिलं आणि मुख्य गोष्ट राहिली की हो. १९८७-८८ मध्ये या क्लबच्या जर्सीवर कंडोमच्या ब्रँडची जाहिरात होती. जर्मन फुटबॉल संघटनेचं डोकं फिरलं, असभ्य म्हणून बंदी घातली. मग काही काळ छातीवरच्या नावावर काळी पट्टी लावून खेळले. क्लब कोर्टात गेला आणि जिंकला. काळ्या पट्टीमुळे ब्रँडची जेवढी प्रसिद्धी झाली तेवढी नुसत्या जाहिरातीने झाली नसती.

क्लोझे आला तोपर्यंत जर्सी सोवळ्यात आली होती, काळजी नसावी.

मृण्मयी

लेख आवडला, पण 'सुताराचा विश्वविजेता झाला' या मांडणीवर माझा आक्षेप आहे. ही गरीब घरच्या, कुणी वाली नसलेल्या पोराची गोष्ट वाटते, तशी ती नाही. बाप फ्रान्सच्या पहिल्या लीगमध्ये खेळलेला. आई राष्ट्रीय संघाची गोलरक्षक. घरात दोन-दोन व्यावसायिक दर्जाचे खेळाडू! पोराचा व्यायाम, आहार, उडी कशी मारायची, चेंडू कुठे पडणार हे कसं ओळखायचं, हे सगळं घरातच. क्लोझेची उडी आणि हवेतलं टायमिंग बघून मला नेहमी वाटतं की हे आईकडून आलंय.

तेव्हा 'कुणीही सामान्य पोरगा खालच्या लीगमधून वर येऊ शकतो' असा निष्कर्ष काढताना जपून. ब्लाउबाखमध्ये त्याच्याबरोबर खेळणारे बाकीचे दहा कुठे आहेत?

बाकावरचा_बदली

@मृण्मयी, बाकीचे दहा बहुधा सुखात आहेत, आणि रविवारी त्या कुंपणाला टेकून उभे राहत असतील.

आईवडिलांचा मुद्दा मान्य. मी तो लिहिलाच आहे. पण त्यामुळे माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. घरात एवढं रक्त, एवढं ज्ञान, बापाला व्यावसायिक फुटबॉलचं जग आतून माहीत, आणि तरीही पोरगा विसाव्या वर्षापर्यंत कुणाच्या नजरेत भरला नाही. म्हणजे प्रतिभा असणं आणि ती कोवळ्या वयात ओळखू येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चौदाव्या वर्षी जो उंच आणि दांडगा असतो तो निवडला जातो. क्लोझे तसा नव्हता. उशिरा भरणाऱ्या पोरांना पुन्हा परीक्षेला बसायची सोय हवी, एवढंच म्हणणं आहे. 'कुणीही येऊ शकतो' असं मी कुठेच म्हटलं नाही.

सुतारकामाबद्दल मात्र मी भावुक आहे, ते सोडणार नाही. :)

सदू_सावकाश

उशिरा प्रतिसाद देतोय, नावाला जागून.

लेखात हौशी संघाचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. मला वाटतं सगळी किल्ली तिथेच आहे. विचार करा, २१ वर्षांचा पोरगा, तिसऱ्या पातळीवर १८ सामन्यांत एक गोल. त्याला बुंडेसलिगाच्या संघात कोण खेळवेल? कुणीच नाही. इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबचे राखीव संघ आपसातच खेळतात, पोरं पोरांशी. जर्मनीत कायझर्सलाउटर्नचा दुसरा संघ खऱ्या लीगमध्ये, खऱ्या मोठ्या माणसांशी खेळायचा. समोर तिशीतला बचावपटू, ज्याला दोन पोरं आहेत आणि जो हा सामना जिंकला तर बोनस घेऊन घरी जाणार आहे. तिथे कोपर खावी लागते. आणि हे सगळं त्याच क्लबच्या आवारात, जिथे पहिल्या संघाचा प्रशिक्षक खिडकीतून बघू शकतो. क्लोझेला दीड-दोन वर्षं ही मधली खोली मिळाली. ती नसती तर होम्बुर्गनंतर तो पुन्हा छपरावर.

आता वाईट बातमी. २००० च्या युरोत जर्मनी गटात तळाला राहिली, तीन सामन्यांत एक गुण, पोर्तुगालच्या दुसऱ्या फळीकडून ३-० मार. त्यानंतर मोठी झाडाझडती झाली. बुंडेसलिगाच्या क्लबांना परवान्यासाठी स्वतःची अकादमी सक्तीची झाली, पाठोपाठ दुसऱ्या लीगलाही. देशभर साडेतीनशेहून जास्त ठिकाणी संघटनेची प्रशिक्षण केंद्रं उघडली. २०१४ चा विश्वविजेता संघ बघितला तर लाम, न्यॉयर, थॉमस म्युलर, ओझिल, क्रोस, गोएत्झे हे सगळे अकादम्यांचे. गंमत म्हणजे अंतिम सामन्यात ८८ व्या मिनिटाला क्लोझे बाहेर आला आणि गोएत्झे आत गेला. गोएत्झे आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून डॉर्टमुंडच्या व्यवस्थेत वाढलेला. त्याने ११३ व्या मिनिटाला कप जिंकून दिला.

त्याच २०१४ मध्ये क्लबांना दुसरा संघ ठेवायची सक्ती उरली नाही, आणि लेवरकुसेन, फ्रँकफुर्ट यांनी आपले संघ बंदच करून टाकले. फ्रँकफुर्टने २०२२ मध्ये पुन्हा सुरू केला, म्हणजे काहीतरी चुकल्याचं त्यांनाही जाणवलं असावं. तेव्हा मूळ धाग्यावरच्या त्या छातीठोक माणसाचं आजच्या काळापुरतं फार चूक नाही. क्लोझे हा जुन्या जर्मनीचा माणूस.

नेकारकाठचा

@सदू_सावकाश, मुद्देसूद, पण शेवटच्या वाक्याशी असहमत. दोन नावं घ्या.

रोबिन गोझेन्स. १९९४ चा, डच सीमेवरच्या एमेरिखचा. एकाही जर्मन अकादमीत नव्हता. अठराव्या वर्षापर्यंत फाउएफएल ऱ्हेडे नावाच्या गावच्या क्लबात. तिथल्या सामन्यात डच क्लब फिटेसच्या माणसाने बघितलं आणि सीमेपलीकडे नेलं. तिथून डॉर्ड्रेख्ट, हेराक्लेस, मग इटलीत आटालांटा. २०२१ मध्ये खेळल्या गेलेल्या युरोत पोर्तुगालला ४-२ हरवलं तेव्हा सामना त्याने एकहाती फिरवला होता.

डेनिझ उंडाव. पोरवयात वेर्डर ब्रेमेनने सोडून दिला. मग हावेल्झे, ब्राउनश्वाइगचा दुसरा संघ, मेप्पेन. म्हणजे चौथी-तिसरी पातळी. तिथून बेल्जियममध्ये युनियन सँ-जिल्वाज, इंग्लंडमध्ये ब्रायटन आणि शेवटी आमचा श्टुटगार्ट. २०२३-२४ ला बुंडेसलिगात १८ गोल आणि थेट युरोच्या संघात.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने जाते, ती प्रामाणिकपणे सांगतो. दोघांनाही वर यायला देशाबाहेर जावं लागलं. क्लोझेला तासाभराच्या अंतरात सगळं मिळालं. या दोघांना हॉलंड, बेल्जियम असा वळसा घ्यावा लागला. मधली खोली जर्मनीत लहान झालीय, म्हणून पोरं शेजाऱ्याकडे जातात.

सदू_सावकाश

हे पटलं. वळशाचा मुद्दा डोक्यात आला नव्हता.

चहाटळ

सगळे आरत्या ओवाळताहेत म्हणून मी जरा मिठाचा खडा टाकतो. क्लोझे माझ्या मते फार मोठा क्लब खेळाडू कधीच नव्हता. बायर्नमध्ये ९८ लीग सामन्यांत २४ गोल. हे काय आकडे झाले? शेवटची दोन वर्षं बाकावर, आधी ओलिच मग गोमेझ त्याच्या पुढे. विश्वचषकातले १६ गोल मोजा: सौदी अरेबिया ३, कोस्टा रिका २, एक्वाडोर २. बरेचसे गोलच्या अगदी जवळून. त्याला समोर आलेला चेंडू ढकलायचा एवढंच काम.

मृण्मयी

@चहाटळ, समोर आलेला चेंडू ढकलायचं काम एवढं सोपं असतं तर सोळा गोल इतर बऱ्याच जणांनी केले असते. चेंडू तुमच्यासमोर 'येतो' कारण तुम्ही तिथे आधी पोचलेले असता.

आणि यादी सोयीने निवडलीत. २००६ च्या उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध ८० व्या मिनिटाला बरोबरीचा हेडर कुणाचा? २०१० ला इंग्लंडविरुद्ध एक, अर्जेंटिनाविरुद्ध दोन कुणाचे? २०१४ ला घानाविरुद्ध हरत असताना मैदानावर आल्या आल्या बरोबरी कुणी केली? तेव्हा तो ३६ वर्षांचा होता आणि गोल केल्यावर कोलांटीसुद्धा मारली. (ती नीट उतरली नाही, पण मारली.)

२४ गोलांचं म्हणाल तर बायर्नमध्ये त्याच्या शेजारी इटालियन स्ट्रायकर लुका टोनी होता, चेंडू त्याला पुरवायचं काम बऱ्याचदा क्लोझे करत होता. बायर्नने नको म्हटल्यावर तेहतिसाव्या वर्षी इटलीत गेला आणि तिथे लीगमध्ये ५४ गोल केले. मे २०१३ मध्ये बोलोन्याविरुद्ध एका सामन्यात ५. इटलीत, जिथे बचावपटू जेवायला बसले तरी पाय आडवा घालतात.

चहाटळ

बोलोन्याचे पाच विसरलो नव्हतो, लिहिले नाहीत इतकंच. ;)

कुजबुज

पोलंडने त्याला का नाही घेतलं? जन्म तिथला, आईबाप तिथले.

बाकावरचा_बदली

@कुजबुज, प्रयत्न केला होता. २००१ च्या सुरुवातीला पोलंडचे प्रशिक्षक येझी एंगेल त्याच्याशी बोलायला जर्मनीत आले होते. क्लोझेने नम्रपणे नाही म्हटलं, फ्योलर बोलावतील याची वाट बघायची ठरवली. मार्चमध्ये त्याचं जर्मनीकडून पदार्पण झालं.

नंतर जर्मनीच्या पुढच्या फळीत बराच काळ पोलंडमध्ये जन्मलेलेच दोघे होते, क्लोझे आणि पोडोल्स्की. २००८ च्या युरोत जर्मनीने पोलंडला २-० हरवलं त्यात दोन्ही गोल पोडोल्स्कीचे, पहिला क्लोझेच्या पासवर. पोडोल्स्कीने जल्लोष केला नाही. पोलंडमध्ये त्या रात्री काय वाटलं असेल याची कल्पना करा.

मृण्मयी

त्याच्या सचोटीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून? ब्रेमेनमध्ये असताना, २००५, आर्मिनिया बीलेफेल्डविरुद्ध रेफरीने त्याला पेनल्टी दिली. क्लोझेने जाऊन सांगितलं की मला पाडलेलं नाही, आणि पेनल्टी रद्द झाली. २०१२ ला लात्सिओकडून नापोलीविरुद्ध गोल झाला, रेफरीने मान्य केला. क्लोझेने सांगितलं चेंडू हाताला लागला होता. गोल रद्द. लात्सिओ तो सामना ३-० हरली! नापोलीच्या खेळाडूंनी येऊन हात मिळवले म्हणे, पण लात्सिओच्या पाठीराख्यांना काय वाटलं ते कुणी लिहीत नाही.

बेरकी_बोका

आठ महिन्यांनी लात्सिओने शहरातल्याच रोमाला हरवून इटालियन कप जिंकला, त्यात क्लोझे होता. पाठीराख्यांनी माफ केलं असणार.

रंकाळा_एक्सप्रेस

धागा भारी रंगला. आता काय करतो तो? टीव्हीवर बोलताना दिसत नाही कुठे.

बाकावरचा_बदली

बोलका माणूस नाहीच तो. नोव्हेंबर २०१६ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि सरळ प्रशिक्षणाकडे वळला. आधी राष्ट्रीय संघाबरोबर शिकाऊ म्हणून, मग बायर्नच्या सतरा वर्षांखालच्या पोरांना शिकवलं, नंतर बायर्नचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांचा सहायक. स्वतः मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलं काम ऑस्ट्रियातल्या आल्टाखमध्ये मिळालं. ते हंगाम संपायच्या आत, मार्च २०२३ मध्ये सुटलं. २०२४ च्या उन्हाळ्यात न्युर्नबर्गने घेतलं, दुसऱ्या बुंडेसलिगात. प्रशिक्षक म्हणूनही खालच्या पायरीवरून चढायचं असं ठरवलेलं दिसतंय, नाहीतर या नावाला कुणी ना कुणी वर बसवलंच असतं.

सायली_म्युनिक

वाचनमात्र असते, पण आज लिहितेय. मुलगा अकरा वर्षांचा, इथल्याच एका क्लबात खेळतो. मागच्या महिन्यात निवड चाचणीत नाव आलं नाही. आठवडाभर जेवला नाही नीट. @नेकारकाठचा, तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारते, आता क्लब बदलावा का? मोठ्या क्लबच्या पैसे भरून चालणाऱ्या शिबिरांचा काही उपयोग असतो का?

नेकारकाठचा

@सायली_म्युनिक, ताई, शिबिरांचे पैसे वाचवा. मोठ्या क्लबचा शिक्का असलेली जर्सी मिळते, पोरगं खूश होतं, पण तिथून निवड होत नाही. खेळण्याची मजा म्हणून पाठवायचं तर जरूर पाठवा.

संघटनेची जी केंद्रं सदूभाऊंनी वर सांगितली ती मोफत असतात. आठवड्यातून एकदा जादा सराव, पोरगा आपल्याच क्लबात राहतो. आणि यंदा नाव आलं नाही म्हणजे दार बंद झालं असं नाही. क्लबच्या प्रशिक्षकाला सांगून ठेवा, पुढेही नाव सुचवता येतं. मुलाचा जन्म वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतला असेल तर त्याच्याच गटातली जानेवारीची पोरं जवळजवळ वर्षाने मोठी असतात, या वयात ते फार दिसतं. ते त्याला सांगा, मला सांगून उपयोग झाला होता.

क्लब बदलायचा असेल तर एकच गोष्ट बघा: तो नव्या ठिकाणी दर आठवड्याला मैदानावर असेल की बाकावर. वरच्या संघात बाकावर बसण्यापेक्षा खालच्या संघात पूर्ण वेळ खेळलेलं बरं. लहान गटांत २०२४-२५ पासून गुणतक्तेच बंद केलेत, छोटी मैदानं, तीन-तीन पाच-पाच जणांचे संघ, कारण हेच की सगळ्यांचे पाय चेंडूला लागावेत. बदल करायचा तर हंगाम संपल्यावर करा, मध्येच केला तर पासच्या (खेळाडूच्या नोंदणीच्या) कागदपत्रांत अडकतो आणि काही आठवडे खेळता येत नाही. तुमच्या भागातल्या केंद्राचा पत्ता काढायला मदत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सायली_म्युनिक

नोव्हेंबरचा आहे! व्यनि केलाय.